विश्वाचा आरंभ आणि एका मुलीचा प्रश्न



सज्जनहो, मायबापहो, अभंग आपण सगळ्यांनी मिळून म्हटला. मृदंगाची साथ छान झाली, टाळकऱ्यांनी चाल गोड लावली. आता थोडा वेळ निरूपणाचा. आज मी तुम्हाला फार हसवणार नाही. आज मला एक चूक कबूल करायची आहे. ती याच तालुक्यात झाली, म्हणून याच तालुक्यात उभं राहून कबूल करायची आहे.

मंडपाच्या मागच्या बाजूला गेलं की लांबवर मोठ्या जाळीच्या तबकड्या दिसतात की नाही? खोडदच्या. तुम्ही रोज बघता, तुम्हाला त्याचं काही वाटत नाही. पाहुणा एसटीतून उतरला की विचारतो, हे काय आहे हो? आपण सांगतो, दुर्बीण आहे. दुर्बीण म्हटलं की डोळा लावायची नळी आठवते. पण हिला कोणी डोळा लावत नाही. ही ऐकते. आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी पकडते. एकेक तबकडी 45 मीटर रुंद, अशा 30 तबकड्या. 14 मध्यभागी जवळजवळ, बाकीच्या तीन दिशांना पसरलेल्या. गोविंद स्वरूप नावाच्या शास्त्रज्ञांनी ही दुर्बीण उभी केली. आपल्या भागात रेडिओ लहरींचा गोंगाट कमी आणि भोवती डोंगरांचा आडोसा, म्हणून ही जागा निवडली.

आणि त्याच भागात आळ्याला काय आहे? रेड्याची समाधी. माउलींनी पैठणला ज्याच्या मुखातून वेद बोलवले, तो रेडा. ओतूरला कोण आहेत? बाबाजी चैतन्य, तुकोबारायांचे सद्गुरू. बघा, एकाच तालुक्यात आकाश ऐकणारं यंत्र आहे आणि रेड्यातही ज्यांना देव दिसला त्यांची खूण आहे. अशा ठिकाणच्या माणसाला एक प्रश्न पडणारच. हे विश्व आलं कुठून? देवानं केलं, की आपोआप झालं? पोथी खरी, की शाळेचं पुस्तक खरं?

बोला, विठ्ठल विठ्ठल विठ्ठल!

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. असाच सप्ताह, असाच मंडप. कीर्तनाच्या भरात मी म्हणालो, "शास्त्रज्ञांनी आत्ता कुठे शोधलं, ते आमच्या ऋषींनी आधीच लिहून ठेवलंय! ब्रह्मदेवाचा एक दिवस किती? 432 कोटी वर्षं. पृथ्वीचं वय शास्त्रज्ञ किती सांगतात? 454 कोटी. बघा, जवळजवळ जुळलं की नाही?" टाळ्या पडल्या. कीर्तनकाराला टाळ्या पडल्या की त्याला वाटतं आपण बोललो ते खरंच आहे. हा आमचा रोग आहे, खोटं कशाला बोलू?

कीर्तन संपलं. माणसं पाया पडायला रांगेत आली. त्यात एक मुलगी होती, बारावीतली. गळ्यात तुळशीची माळ. वडील विणेकरी, घरात तीन पिढ्यांची वारी. मुलगी पाया पडली आणि हळूच म्हणाली, "महाराज, दोन आकड्यांत 22 कोटींचा फरक आहे. आणि अख्ख्या विश्वाचं वय 1380 कोटी वर्षं सांगतात. ते कशाशी जुळवायचं? उद्या शास्त्रज्ञांनी आकडा सुधारला, तर मग पुराणातलाही सुधारायचा का?"

मायबाप, हा प्रश्न खरा होता. मला उत्तर येत नव्हतं. आणि उत्तर येत नसलं की माणूस काय करतो? आवाज चढवतो. मी म्हणालो, "चार बुकं शिकलीस म्हणून देवाचा हिशेब तपासायला निघालीस का?" आजूबाजूची माणसं हसली. पोरीनं मान खाली घातली आणि निघून गेली. मी प्रसाद खाल्ला आणि झोपलो. मला झोप लागली, हे मुद्दाम सांगतो.

पुढच्या वर्षी परत याच गावात आलो. रात्रीचा पहारा चालू होता. तुम्हाला ठाऊक आहे, सप्ताहात वीणा खाली ठेवायची नसते. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात. पहाटे तीनच्या सुमारास मी सहज मंडपात गेलो, तर तिचे वडील वीणा घेऊन उभे. डोळ्यांतून पाणी चाललेलं. हातात वीणा, पुसता येईना. मी दुसऱ्या पहारेकऱ्याला उठवलं, वीणा त्याच्या गळ्यात दिली आणि बुवांना बाजूला घेतलं.

म्हणाले, "महाराज, मागल्या वर्षी तुमचं कीर्तन झालं, त्या रात्री मी लेकीला बोललो. म्हटलं, एक तर ते सायन्स सोड, नाहीतर गळ्यातली माळ काढ. मला वाटलं, घाबरेल. तिनं माळ काढली. देव्हाऱ्यात ठेवली, नमस्कार केला आणि अभ्यासाला जाऊन बसली. तेव्हापासून कीर्तन नाही, हरिपाठ नाही. आमच्यात बोलणं काय उरलं? 'जेवायला ये', एवढंच." आणि थोड्या वेळानं म्हणाले, "दोहोंतलं एक निवड असं मी म्हणालो. तिनं निवडलं, तिची काय चूक? पण दोहोंतलं एकच घेता येतं, हे मला कोणी सांगितलं होतं?"

कोणी सांगितलं होतं, ते मला ठाऊक होतं. मी सांगितलं होतं. तोंडानं नाही सांगितलं, पण त्या हशानं सांगितलं.

सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. पोरगी ओसरीवर पुस्तक घेऊन बसली होती. मी म्हणालो, "ताई, त्या दिवशी मी तुला उत्तर दिलं नाही, तुझं तोंड बंद केलं. माझं चुकलं. आता मला शिकव." तिनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. महाराज लोक असं बोलत नाहीत ना! मग आत गेली आणि वही घेऊन आली. तेव्हापासून आजपर्यंत तिनं मला जे समजावलं, जी पुस्तकं वाचायला दिली, त्यातलं थोडं तुम्हाला सांगतो.

बायामाणसांनी नीट ऐका, कारण दृष्टांत तुमचा आहे. भोगीला आपण बाजरीची भाकरी करतो. गोळ्यावर तीळ लावतो आणि थापायला लागतो. भाकरी पसरत जाते तसे तीळ एकमेकांपासून लांब लांब जातात. तीळ चालतात का हो? नाही. खालचं पीठ पसरतं, म्हणून तीळ लांब जातात. कोणत्याही तिळाला विचारा, तो म्हणेल, "बाकीचे सगळे माझ्यापासून दूर चाललेत." विश्वाचं असंच आहे, असं शास्त्रज्ञ सांगतात. तीळ म्हणजे आकाशगंगा आणि पीठ म्हणजे आकाश. भाकरीला काठ असतो, मध्य असतो. विश्वाला तसा मध्य सापडत नाही, एवढा फरक लक्षात ठेवा. आता मनातल्या मनात भाकरी उलटी करा. परत गोळा करा. सगळे तीळ जवळ येतील. तसं सगळं विश्व मागे मागे नेलं, तर 1380 कोटी वर्षांपूर्वी सगळं अतिशय दाट, अतिशय तप्त होतं. तिथून ते पसरत आलं. याला महास्फोटाचा सिद्धांत म्हणतात. फटाका फुटावा तसा हा स्फोट नव्हे. आकाशच पसरलं.

आता ही गोष्ट पहिल्यांदा मांडली कोणी? मला वाटलं, कोणीतरी देव न मानणारा असेल. पोरगी हसली. म्हणाली, "महाराज, तो तुमच्यातलाच होता. धर्मगुरू होता."

बेल्जियम नावाचा युरोपातला छोटा देश. तिथले जॉर्ज लमेत्र. पहिल्या महायुद्धात तोफखान्यात लढले. युद्ध संपल्यावर गणित शिकले आणि 1923 साली पाद्री झाले. 1927 साली त्यांनी गणितानं दाखवलं की विश्व पसरत असलं पाहिजे. आइन्स्टाइन भेटले, तेव्हा म्हणाले की गणित बरोबर आहे, पण हे मला पटत नाही. केवढा मोठा माणूस, पण त्यालाही पटेना! मग 1929 साली अमेरिकेत एडविन हबल यांनी आकाशगंगांची अंतरं आणि वेग मोजून दाखवलं की जितकी आकाशगंगा लांब, तितकी ती वेगानं दूर जाते. पुढे आइन्स्टाइननाही मानावं लागलं. 1931 साली लमेत्र यांनी मांडलं की सगळ्याचा उगम एका आदिकणातून झाला असावा.

आता गंमत पुढेच आहे. इंग्लंडमध्ये फ्रेड हॉयल नावाचे थोर शास्त्रज्ञ होते. ते देव मानणारे नव्हते. त्यांना ही सुरुवातीची भाषा आवडेना. सुरुवात म्हटली की करणारा आला, असं त्यांना वाटे. त्यांनी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी 1948 साली दुसरा सिद्धांत मांडला. विश्वाला सुरुवात नाही, शेवट नाही. ते पसरतं आणि मधल्या जागेत नवं द्रव्य तयार होत राहतं, म्हणून नेहमी सारखंच दिसतं. 1949 साली रेडिओवर बोलताना समोरच्या सिद्धांताला त्यांनी 'बिग बँग' म्हटलं, आणि तेच नाव चिकटलं. नाव ठेवणारा विरोधक, आणि नाव जगभर झालं!

आणि या हॉयलसाहेबांचा शिष्य कोण? आपल्या कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर. वडील काशीच्या विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक. मुलगा केंब्रिजला गेला आणि गुरूसोबत 1964 साली गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडून जगप्रसिद्ध झाला. पुढे पुण्यात त्यांनी खगोलशास्त्राची मोठी संस्था, आयुका, उभी केली. आपल्या मराठीत विज्ञानकथा लिहिल्या. 2025 च्या मे महिन्यात ते गेले. आता ऐका. जगातले बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाच्या बाजूला गेले, तरी नारळीकर शेवटपर्यंत म्हणत राहिले, मला हे पूर्ण पटलेलं नाही, या या शंका शिल्लक आहेत. त्यांना कोणी वाळीत टाकलं का? त्यांना पद्मविभूषण मिळालं. ती मुलगी मला म्हणाली, "महाराज, आमच्या शास्त्रात शंका घेणारा पापी नसतो. तो कामाचा माणूस असतो." मायबाप, मला लाज वाटली. मी शंका घेणारीला हसलो होतो.

बोला, ज्ञानोबा माउली तुकाराम!

मग हा वाद मिटला कसा? इकडे पाद्री म्हणतो सुरुवात आहे, तिकडे नास्तिक म्हणतो सुरुवात नाही. पाद्र्याची श्रद्धा मोठी म्हणून तो जिंकला का? नाही. दोघांना बाजूला ठेवून आकाशाला विचारलं.

जुने टीव्ही आठवतात का? काळे-पांढरे. 1987 साली रविवारी सकाळी रामायण लागायचं. गावात एकच टीव्ही. टीव्हीला हार घालायचे, उदबत्ती लावायचे. आणि ऐन वेळी काय व्हायचं? मुंग्या यायच्या! मग एक पोरगं कौलावर चढून अँटेना फिरवायचं. "आल्या का?" "नाही, अजून मुंग्याच!" हसू नका, त्या मुंग्यांचीच गोष्ट सांगतोय. अमेरिकेत पेन्झियास आणि विल्सन या दोघांच्या मोठ्या अँटेनात 1964 साली अशीच एक खरखर येत होती. कोणत्याही दिशेला फिरवा, तीच खरखर. त्यांना वाटलं, आत कबुतरांनी घाण केलीय त्यामुळे असेल. कबुतरं हाकलली, घाण पुसून काढली. तरी खरखर तशीच. शेवटी कळलं की ही विश्वाच्या बालपणीची ऊब आहे. विश्व तीन लाख ऐंशी हजार वर्षांचं असताना सुटलेला प्रकाश थंड होत होत आपल्यापर्यंत पोहोचतोय. हॉयलसाहेबांच्या सिद्धांताला याचा अर्थ लावणं जड गेलं, आणि बहुतेकांनी महास्फोट मानला. पेन्झियास आणि विल्सन यांना 1978 साली नोबेल मिळालं. आपल्या जुन्या टीव्हीवरच्या मुंग्यांतला थोडासा अंश त्याच प्रकाशाचा असायचा. आपण रामाची वाट बघत मुंग्यांना शिव्या देत होतो, आणि त्यातच विश्वाचा आरंभ अंगणात आला होता!

लमेत्र तेव्हा म्हातारे झाले होते, आजारी होते. 1966 साली शेवटच्या दिवसांत त्यांना ही बातमी कळली. समाधान पावले आणि गेले.

पण माझ्या काळजात घुसलेली गोष्ट निराळीच आहे. 1951 साली त्यांच्याच धर्माचे सर्वोच्च गुरू, पोप, भाषणात म्हणाले की विज्ञानानं आता विश्वाची सुरुवात दाखवली, म्हणजे देवानं सृष्टी निर्माण केली याला आधारच मिळाला. सांगा बरं, लमेत्र यांना केवढा आनंद व्हायला हवा होता! आपलंच गणित आणि आपलेच गुरू पाठ थोपटतायत. पण लमेत्र यांना ते आवडलं नाही. त्यांचं म्हणणं होतं की माझा सिद्धांत धर्माच्या बाहेरचा आहे. तो मानणारा देव मानो वा न मानो. गणित चूक निघालं तर माझ्या देवाचं काही जात नाही, आणि बरोबर निघालं म्हणून देव सिद्ध होत नाही. अशी जोडाजोड करू नये, यासाठी त्यांनी आपल्या धर्मपीठाकडे शब्द टाकला, आणि पोप पुन्हा तसं बोलले नाहीत असं सांगतात.

मायबाप, मी ऐकत होतो आणि मला माझं ते कीर्तन आठवत होतं. 432 आणि 454! टाळ्यांसाठी मी जे केलं, ते करायला त्या माणसानं आपल्या सर्वोच्च गुरूलाही मनाई केली. भक्त कोण निघाला? मी की तो?

नीट विचार करा. देवाचा खांब शास्त्रज्ञांच्या आकड्यावर उभा केला, तर आकडा हलला की देव हलणार. मग हा देव आहे की भाड्याच्या खोलीतला बिऱ्हाडकरू? शास्त्राला कळलं नाही तेवढ्या फटीत देव बसवायचा, आणि फट बुजली की देवाला दुसरीकडे हलवायचं! पूर्वी म्हणायचे, देवी कोपली म्हणून देवीचा रोग आला. लस आली, रोग गेला. देवी कुठे गेली? कुठेच नाही. ती तिथे कधी नव्हतीच. आपणच तिला रोगात बसवलं होतं.

आता कोणी म्हणेल, "महाराज, मग संतांचं काय?" त्यांचंच सांगतो. मडकं दिसलं की कुंभार असणार, असं आपण सगळे म्हणतो. मडकं इकडे, कुंभार तिकडे, वेगळा. देव जर असा बाहेर बसलेला कुंभार असेल, तर चाक कसं फिरलं हे कळल्यावर माणूस म्हणणारच, आता कुंभाराची गरज नाही. पण आपल्या वेदान्तात देव नुसता कुंभार नाही, मातीही तोच आहे. माउलींनी अमृतानुभवात हेच उलगडलं की जे दिसतं तो त्या एका चैतन्याचाच विलास आहे. सोन्याचा दागिना कसा घडला, कोणत्या साच्यात घडला, किती तापवला, हे सोनारानं सगळं सांगितलं तर सोनं कमी होतं का? उलट दागिना जास्त कळतो. तसं शास्त्रज्ञ सांगतात घडण. घडण खरी सांगतात, तर आपण कान देऊन ऐकायची. त्यात देवाचं काही कमी होत नाही. आणि त्यानं देव सिद्धही होत नाही, हेही लक्षात ठेवा. नाहीतर मी परत तीच चूक करायचो!

आणि ऋषींचं म्हणाल, तर ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात नासदीय सूक्त आहे. सातच ऋचा. दूरदर्शनवर 'भारत एक खोज' लागायचं, त्याच्या सुरुवातीला ते ऐकू यायचं. मी पोथीतून त्याचा अर्थ नीट वाचला. तो ऋषी छाती ठोकून सांगत नाही की असं झालं. तो विचारत जातो. देव स्वतःच सृष्टीनंतरचे, मग पहिल्या क्षणाची साक्ष द्यायला होतं कोण, अशा अर्थाचं विचारतो आणि शेवटी उत्तर मोकळं सोडतो. अहो, वेदाला 'ठाऊक नाही' म्हणायची लाज वाटली नाही, आणि मला, साध्या कीर्तनकाराला, वाटली! त्या पोरीला मी म्हणालो असतो, "बाळ, मला ठाऊक नाही, आपण बघू," तर माळ गळ्यातून उतरली नसती.

मग 432 कोटी खोटे का? आरतीत अठ्ठावीस युगांचा उल्लेख येतो, तो खोटा का? इथे समजून घ्या. आकडे दोन तऱ्हेचे असतात. वाण्याच्या तराजूतला आकडा निराळा आणि आईच्या तोंडचा निराळा. आई म्हणते, "शंभरदा सांगितलं, भिजू नको." तुम्ही वही काढून मोजता का, शंभरदा की सतरादा? मोजणारा मुलगा गणितात हुशार असेल, पण त्याला आईचं बोलणं कळलं नाही. पांडुरंग विटेवर अठ्ठावीस युगं उभा आहे, याचा अर्थ तो किती वाट पाहतो ते बघ. तो काळ मोजायचा नाही, ती माया ओळखायची. आणि शास्त्रज्ञाचा 1380 कोटी हा तराजूतला आकडा आहे. तो मोजूनच घ्यायचा, तपासूनच घ्यायचा. तराजू देव्हाऱ्यात नेऊ नका आणि देव्हारा वाण्याच्या दुकानात मांडू नका. दोन्हींची घरात गरज आहे.

आळ्याला समाधीवर गेल्यावर आपण रेड्याच्या गळ्याची तपासणी करत नाही. डोकं टेकवतो आणि उठताना शिकतो की कोणत्याही जिवाला हलकं समजायचं नाही. शिकलो का, एवढाच तिथला प्रश्न. आणि मी? रेड्याला वेदाचा अधिकार देणाऱ्या माउलींचं नाव घेत होतो, आणि बारावीच्या पोरीला प्रश्नाचा अधिकार देत नव्हतो!

शिकलेल्या तरुण मंडळींनाही दोन शब्द सांगतो, रागावू नका. विश्व कसं पसरलं हे कळलं म्हणून आईबापांच्या हातातली माळ वेडगळ ठरत नाही. शास्त्रज्ञ सांगतात की पाण्यातला हायड्रोजन विश्वाच्या अगदी सुरुवातीचा आहे. रक्तातलं लोखंड ताऱ्यांत तयार झालं. हे काशाचे टाळ, त्यातलं तांबं आणि कथील हेही ताऱ्यांनीच घडवलेलं. किती सुंदर! पण ते टाळ हातात घेऊन, दिवसभर कांदा काढून थकलेला माणूस रात्री उभा राहतो आणि शेजाऱ्याला माउली म्हणून त्याच्या पाया पडतो, तो का पडतो, हे तांब्या-कथलाच्या हिशेबातून निघत नाही. तो प्रश्न निराळा आहे. मी कोणाचा? माझं कोण? समोरच्याशी कसं वागू? इथे भक्ती बोलते. तिला तिच्या जागी बोलू द्या.

आता शेवटचं सांगतो आणि सेवा पूर्ण करतो.

त्या मुलीनं भौतिकशास्त्र घेतलं. सध्या पुण्याला शिकते. माळ तिनं अजून घातलेली नाही. कीर्तनकार गोष्टीच्या शेवटी सगळं गोड करतो, मला तसं करता येईल, पण खोटं होईल. माळ अजून देव्हाऱ्यातच आहे. बुवा रोज पूजा करताना ती उचलतात, पुसतात आणि परत ठेवतात.

पण यंदा पालखी पुण्यातून निघाली, तेव्हा ती बापाबरोबर चालली. दिवेघाट चढून सासवडपर्यंत. बापाच्या गळ्यात वीणा, लेकीच्या पाठीवर पुस्तकांची पिशवी. रात्री मुक्कामाला ढग थोडे फाटले, चार तारे दिसले. बुवांनी विचारलं, "पोरी, हे सगळं कुठून आलं म्हणतात?" तिनं भाकरीची, तिळाची गोष्ट सांगितली. बापानं सगळी ऐकली. सहा वर्षांत पहिल्यांदा ऐकली! मग विचारलं, "आणि त्याच्या आधी काय होतं?" ती म्हणाली, "आबा, ते अजून ठाऊक नाही." बुवा म्हणाले, "मलाही नाही." आणि तिच्या अंगावर आपली घोंगडी टाकली.

बुवांनी हे मला सांगितलं, तेव्हा मी विचारलं, "माळेचं काही बोललात का?" म्हणाले, "नाही महाराज. आता मी वाट बघणार. आपला देव तरी दुसरं काय करतो?"

मायबाप, मी आयुष्यभर कीर्तनं केली. विटेवरच्या देवाचा अर्थ मला त्या विणेकऱ्यानं सांगितला.

तेव्हा हात जोडून एकच मागणं मागतो. घरात पोरगं प्रश्न विचारेल, तर त्याला हसू नका, गप्प करू नका. उत्तर येत असेल तर द्या. येत नसेल तर 'ठाऊक नाही' म्हणा आणि जवळ बसवा. दोहोंतलं एक निवड, असं पोटच्या पोराला कधी म्हणू नका. माझ्याकडून त्या दिवशी जो अपराध घडला, त्याची क्षमा मी या मंडपात, या वीणेसमोर, तुम्हा सगळ्यांपुढे मागतो.

बोला, पुंडलिक वरदा हरि विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय!

रामकृष्णहरी.